पिवळा उतार

ज्योत्स्ना बागूल धुळ्याच्या मोठ्या रुग्णालयात आली होती ती आपलं एक मूत्रपिंड भावाला द्यायला. आपल्याला काही झालंय का, हे विचारायला ती आलीच नव्हती. त्यामुळे डॉ. शबनम तडवींनी पडद्यावरचा आलेख तिच्याकडे वळवून, "तुमचा उतार पिवळा आलाय," असं म्हटलं, तेव्हा तिला वाटलं, मॅडमनी चुकून दुसऱ्याच बाईची फाईल उघडलीय.

"मॅडम, पेशंट माझा भाऊ आहे. गोकुळ सोनवणे. मी देणारी."

"हो. हे देणारीचंच आहे."

ज्योत्स्नाने आलेखाकडे पाहिलं. डावीकडून उजवीकडे एक रेष घसरत गेली होती, आणि जिथे ती तळाला टेकत होती तिथे एक आकडा होता. त्रेसष्ट.

२०३९चा चैत्र होता. 'उतार तपासणी' निघून पाच वर्षं झाली होती आणि अवयव देणाऱ्यांना ती सक्तीची होऊन दोन. त्या दोन वर्षांत हा शब्द खेड्यापाड्यांत इतका रुळला, की स्थळं बघताना मुलीची उंची आणि शिक्षण यांच्यासोबत 'उतार हिरवा' असंही पत्रिकेत छापून यायला लागलं होतं. ज्योत्स्नाने हे सगळं ऐकलं होतं. पण ऐकलेला शब्द वेगळा आणि आपल्याच नावापुढे लागलेला वेगळा.

मूत्रपिंडाचा स्वभाव असा, की ते शेवटपर्यंत तक्रार करत नाही. प्रत्येकात साधारण दहा लाख बारीक गाळण्या असतात. त्यातल्या काही बंद पडल्या की उरलेल्या मुकाट्याने त्यांचं काम अंगावर घेतात, आणि बाहेरून सगळं ठीकठाक दिसत राहतं. पूर्वी रक्तातलं क्रिएटिनीन मोजत. ते वाढलेलं दिसेपर्यंत निम्म्याहून जास्त गाळण्या गेलेल्या असत. गोकुळचं तसंच झालं. तो डांबरी रस्त्यांवर रोलर चालवायचा. पाय सुजले म्हणून दवाखान्यात गेला आणि दोन महिन्यांत डायलिसिसच्या खुर्चीत बसला.

नव्या तपासणीने वेगळी वाट धरली. गाळणीवर ताण पडला, की तिच्या पेशी स्वतःचे अतिसूक्ष्म तुकडे रक्तात सोडतात. प्रत्येक अवयवाच्या तुकड्यांवर त्या त्या अवयवाची खूण असते. पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने तीनदा रक्त घ्यायचं, त्यातले मूत्रपिंडाचे तुकडे यंत्राने वेचायचे, मोजायचे, आणि वर्षाला किती गाळण्या कमी होतायत याचा हिशेब मांडायचा. हा झाला उतार: सावकाश असला तर हिरवा, भरभर असला तर लाल, मधला तो पिवळा. तीच रेष पुढे नेली, की मूत्रपिंडं कोणत्या वयाला थकून बसतील ते निघतं.

"त्रेसष्ट म्हणजे दोन्ही मूत्रपिंडं ठेवली तर," डॉक्टर म्हणाल्या.

"आणि एक दिलं तर?"

"बावन्न."

ज्योत्स्ना एकेचाळीस वर्षांची होती. तिने मनात वजाबाकी केली. मग तिची मुलगी प्राची तेव्हा अठ्ठावीसची असेल, असा नको तो हिशेबही होऊन गेला.

"पण मला काहीच होत नाही, मॅडम. पाय सुजत नाहीत, दम लागत नाही. दोन वाजेपर्यंत उन्हात उभी असते मी."

"होणारही नाही. अजून दहा-बारा वर्षं काही जाणवणार नाही."

"मग मी आजारी आहे की नाही?"

डॉ. तडवी सरळ होत्या, उगीच धीर देणाऱ्यातल्या नव्हत्या. "आज नाही," त्या म्हणाल्या. "याच्यापुढचं मला नीट सांगता येत नाही. तुम्ही कामाला कुठे असता म्हणालात?"

ज्योत्स्ना निमखेड्याच्या काचशेतावर मुकादम होती. माळावर अकराशे एकर सौरपट्ट्या पसरल्या होत्या. कागदोपत्री त्याला भलंमोठं नाव होतं, पण गावाने त्याला काचशेतच म्हटलं. पट्ट्या धुवायला आणलेली यंत्रं खानदेशच्या धुळीने वर्षभरात खाऊन टाकली. मग लांब दांड्याचे ब्रश घेऊन बायका आल्या. ज्योत्स्नाच्या हाताखाली दहा जणी होत्या.

"पाणी किती पिता?"

"पिते की."

"कामावर असताना?"

ज्योत्स्ना म्हणाली, "सकाळी सातनंतर नाही पीत. संडास फाटकापाशी आहे. आम्ही असतो तिथून अडीच किलोमीटर. सपाट माळ आहे मॅडम, आडोसा कशाचा घ्यायचा? काचेखाली बसलं तरी पलीकडून दिसतं."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "हे बघा. उन्हात, पाण्यावाचून राहून गाळण्या थकतात. थकल्या तरी तुकडे सोडतात आणि मरणार असल्या तरी तुकडे सोडतात. थकलेला आणि मरणारा दोघंही सारखेच विव्हळतात म्हणा ना. यंत्राला दोघांतला फरक एका तपासणीत कळत नाही. तुमच्या भावाचा आजार घराण्यातून आला की रोलरवरच्या आचेतून, तेही आम्हाला सापडलेलं नाही. घराण्यातला असेल तर तुमचा हा उतार खरा. उन्हाचा असेल तर कदाचित भरून येईल. चार महिने सावलीत राहा, दिवसाला तीन लिटर पाणी प्या. मग पुन्हा रक्त घेऊ."

"आणि गोकुळला काय सांगू?"

"ते तुमच्यावर आहे. तुमचा रिपोर्ट आम्ही त्याला सांगणार नाही, त्याच्या बायकोला नाही, तुमच्या नवऱ्यालासुद्धा नाही. तसा नियमच आहे." त्या जरा पुढे झुकल्या. "अजून एक नियम आहे. देणाऱ्याचं मन कधीही बदललं, तर आम्ही फक्त 'योग्य नाही' एवढंच लिहितो. का, ते लिहीत नाही. कुणी विचारलं तरी सांगत नाही."

ज्योत्स्ना बाहेर आली. बाकावर गोकुळची बायको चेतना बसली होती. तिने मान वर केली.

"थांबायला सांगितलंय," ज्योत्स्ना म्हणाली. "चार महिने."

"का?"

"तपासणीत काहीतरी आलंय. परत करायचीय."

चेतना 'चार महिने' हे शब्द ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हणाली, ते ज्योत्स्नाने पाहिलं.

घरी जाताना भटूने, तिच्या नवऱ्याने, गाडी एका खानावळीशी थांबवली. भटूची गावात पिठाची गिरणी होती. कमी बोलणारा माणूस. ज्योत्स्नाने शेवभाजी मागवली, दोन भाकरी खाल्ल्या, मग तिसरी मागितली. गेले महिनाभर तिला घास गोड लागत नव्हता. आज पोटात आग पडल्यासारखी भूक लागली होती. तिसऱ्या भाकरीचा तुकडा मोडताना तिच्या लक्षात आलं, की आपल्याला हलकं वाटतंय.

आपली मूत्रपिंडं खराब होतायत असं आत्ताच कुणीतरी सांगितलं, सख्खा भाऊ आठवड्यातून तीनदा खुर्चीला बांधला जातोय, आणि आपल्याला हलकं कसं वाटतं?

"देवानेच सोडवलं," भटू ताटाकडे बघत म्हणाला.

"कशातून सोडवलं?"

तो हात धुवायला उठला. भाकरी तशीच राहिली.

चौथ्या दिवशी दुपारी चेतना निमखेड्याला आली. एकटीच. ज्योत्स्ना कामावरून येऊन अंगणात हातपाय धूत होती. चेतना ओट्यावर बसली, पाणी घेतलं नाही, चहा घेतला नाही.

"ताई, मी मनात ठेवून बसणाऱ्यातली नाही. विचारू?"

"विचार ना."

"डायलिसिसच्या वॉर्डात बायका बोलतात. म्हणतात, देणाऱ्याला द्यायचं नसलं, तर डॉक्टर त्याची लाज राखतात. काहीतरी आलंय असं सांगतात आणि सोडवतात. माझा रक्तगट जुळत नाही. आई राहिल्या नाहीत, मामंजी चौऱ्याहत्तरचे. तुमच्याशिवाय कोण आहे? तुम्हाला द्यायचं नसेल तर नका देऊ. पण मला खरं सांगा. चार महिने मला खोट्या आशेवर नका ठेवू."

ज्योत्स्नाला राग आला. इतका, की हातातला तांब्या तिने आदळला. "मी खोटं बोलते? मला काय आलंय ते माहीत आहे तुला?"

"नाही माहीत. तुम्ही सांगतच नाही."

ज्योत्स्ना तोंड उघडणार, तेवढ्यात तिला खानावळीतली तिसरी भाकरी आठवली. त्रेसष्ट आणि बावन्न सांगितलं असतं, तर चेतनाने विश्वास ठेवला असता. पण मग 'आणि मला हलकं वाटलं' हे गिळावं लागलं असतं. ते गिळण्याची हिंमत तिच्यात नव्हती, आणि सांगण्याचीही नव्हती.

"पिवळा आलाय," ती एवढंच म्हणाली. "हिरवा नाही, लालही नाही. मॅडमनाच कळत नाही तर मला काय कळणार?"

चेतना उठली. बायकांना एकमेकींना ओळखायला फार बोलावं लागत नाही. तिने पदर खांद्यावर घेतला आणि म्हणाली, "बरं." त्या एका शब्दाचं ओझं ज्योत्स्नाने मग कित्येक दिवस वाहिलं.

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांकडे अर्ज दिला आणि गोदामात बदली मागून घेतली. ब्रश, नळ्या, हातमोजे यांची देवाणघेवाण बघायची. पत्र्याचं छप्पर, पण पंखा होता आणि संडास वीस पावलांवर. टेबलावर तिने लिटरच्या तीन बाटल्या ओळीने मांडल्या. पहिल्या आठवड्यात पाणी घशाखाली उतरेना. वीस वर्षं शरीराला कोरडं राहायची सवय लागली होती. ती सवय मोडणं एखादं व्यसन सोडण्याइतकं अवघड गेलं.

तिच्या जागी मुकादम झालेली सरुबाई एकदा हातमोजे बदलायला आली आणि बाटल्यांकडे बघत उभी राहिली.

"बाई, आम्हीपण करून घ्यावी का ती तपासणी?"

ज्योत्स्नाला पटकन हो म्हणता आलं नाही. केली आणि पिवळी आली तर साहेब उन्हात उभं करणार नाहीत, घरी बसवतील. नाही केली तर गोकुळसारखं एक दिवस पाय सुजल्यावर कळेल. कळणं चांगलं की न कळणं? महिन्यापूर्वी कुणी विचारलं असतं तर तिने क्षणात उत्तर दिलं असतं.

"तपासणीचं मला सांगता येत नाही, सरू. पण पाणी प्या."

"आणि जायचं कुठे?"

त्यावर मात्र ज्योत्स्नाला काय करायचं ते समजलं. तिने साहेबांना गाठलं आणि बायका काचा धुवायच्या त्या 'ड' पट्ट्याच्या टोकाला एक फिरतं शौचालय उभं करा म्हणून सांगितलं. साहेब म्हणाले, बघू. ती रोज सकाळी दारात जाऊन उभी राहायला लागली. सतराव्या दिवशी ट्रॅक्टरला जोडून ते निळं खोकं आलं. या सगळ्या गोंधळात तिच्याकडून सरळ झालेली ती एकच गोष्ट.

गोकुळकडे ती दर रविवारी जायची. जायच्या आधी पाण्याची बाटली पिशवीच्या तळाशी कपड्यात गुंडाळायची, कारण गोकुळला दिवसाला जेमतेम पाऊण लिटर पाण्याची मुभा होती. त्याला लघवी होणं बंद होऊन दीड वर्ष झालं होतं. प्यालेलं सगळं अंगातच साठायचं, फुप्फुसांपर्यंत चढायचं. म्हणून चेतना सकाळी त्याचं पाणी मापून एका बरणीत ठेवी, आणि तो दिवसभर त्यातून घोटघोट घेई. फार तहान लागली की बर्फाचा खडा गालात धरायचा.

ज्येष्ठातल्या एका रविवारी तिची पिशवी कलंडली आणि बाटली घरंगळत त्याच्या खाटेखाली गेली. गोकुळने वाकून ती उचलली. काळवंडलेला, हाडं दिसणारा चेहरा, दंडावर सुयांनी फुगलेली शीर. त्याने बाटली हातात तोलली.

"तीन लिटर सांगितलंय ना तुला?"

"कुणी सांगितलं तुला?"

"सरुबाईचा नवरा भेटला होता खुर्चीपाशी. त्याच्या भावाला आणतो तो." गोकुळ हसला. "मला तू पाणी चोरून पितेस असं वाटलं नव्हतं."

"तुझ्यासमोर कसं पिऊ?"

"पी ना. माझ्यासमोर पी."

"गोकुळ..."

"खरं म्हणतो, ताई. बघू दे मला. कुणीतरी मोजल्याशिवाय पितंय ते बघू दे."

तिने टोपण काढलं. गोकुळ तिच्या गळ्याकडे बघत होता, लहान मूल दुसऱ्याच्या हातातल्या खाऊकडे बघतं तसा, पण त्यात हावरेपणा नव्हता. तिने अर्धी बाटली संपवली. तिला रडू येत होतं, पण ते कशाचं, हे तिला सांगता आलं नसतं. हे पाणी ती त्याला वाचवण्यासाठी पीत होती की स्वतःला? मूत्रपिंडं सुधारली तर द्यावं लागेल. नाही सुधारली तर द्यावं लागणार नाही. प्रत्येक घोटाबरोबर ती एका दाराकडे चालली होती, आणि ते दार बंद निघावं असं तिचं एक मन म्हणत होतं.

त्या आठवड्यात दोन दिवस तिने बाटल्या भरल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःचीच शरम वाटून पाच लिटर प्याली आणि उलटी झाली. भटू तिची पाठ चोळत होता. त्याने आपण होऊन विचारलं, "तुला काय हवंय? नीट सांग. मी त्याच बाजूने बोलेन."

"माहीत नाही," ती म्हणाली. "तू कोणत्या बाजूला आहेस?"

भटूचा हात तिच्या पाठीवरच होता. "मला तू हवी आहेस. आणि गोकुळला बघितलं की माझी मान खाली जाते. आता याची कोणती बाजू झाली, तूच सांग."

श्रावणात तिने पुन्हा तीनदा रक्त दिलं. डॉ. तडवींनी आलेख वळवला तेव्हा रेष जवळजवळ सपाट होती, टेकडीवरून उतरून माळाला लागल्यासारखी. टोकाला आकडा होता शहाऐंशी. एक दिलं तर अठ्ठ्याहत्तर.

"हिरवा," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनाही बरं वाटलेलं दिसत होतं. "उन्हाचंच होतं तर. गाळण्या सावरल्या."

ज्योत्स्ना आलेखाकडे बघत राहिली. "मॅडम, तो पिवळा खरा होता की हा हिरवा खरा?"

"दोन्ही खरे."

"असं कसं?"

"तेव्हा त्या थकलेल्या होत्या, आता नाहीत. परत उन्हात कोरड्या राहिलात तर परत थकतील. आणि एकच मूत्रपिंड असताना थकलं तर ते असं सावरेल का, ते मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही." त्या खुर्चीत मागे टेकल्या. "तुम्हाला एक सांगते. हे यंत्र पाच वर्षांचं आहे. ते चाळीस-चाळीस वर्षांपुढचं बोलतं, पण ते बोललेलं खरं झालेलं अजून कुणीही पाहिलेलं नाही. तुम्ही हा आकडा दगडावरची रेघ समजू नका. काचशेतावरचं उन्हातलं काम मात्र सोडावं लागेल. गोदाम ठीक."

"म्हणजे आता देता येईल."

"देता येईल. द्यायलाच हवं असं नाही." डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं, ते लावलेलं होतं. "मागे सांगितलं होतं ते अजूनही आहे. मी 'योग्य नाही' लिहू शकते. पिवळा आलेला होता हे तुमच्या घरी माहीतच आहे. कुणाला आश्चर्य वाटणार नाही."

ज्योत्स्ना उठली. "अर्धा तास द्याल?"

"हवा तेवढा घ्या."

ती खाली आवारात गेली, चहा घेतला, प्याली नाही. चार महिने तिने स्वतःला समजावलं होतं, की मला काही ठरवता येत नाही कारण यंत्रालाच काही कळत नाही. आता यंत्राने सांगून टाकलं होतं आणि गोंधळ तसूभरही कमी झाला नव्हता. उलट पिवळ्या रंगाआड जे झाकलं होतं ते उघडं पडलं होतं. तिला मरणाची भीती वाटत होती. कापून घ्यायची भीती वाटत होती. भावाला दिल्यावर आयुष्यभर त्याच्याकडे बघताना आपल्याला आपलंच काहीतरी दिसत राहील, आणि न दिल्यावरही तेच दिसेल, याची भीती वाटत होती. मूत्रपिंड देणाऱ्या बहिणी सगळे सांगतात तशा हसतमुखाने देतात, मग आपणच अशा का?

ती जिना चढून डायलिसिसच्या वॉर्डात गेली. मंगळवार होता, गोकुळचा दिवस. तो खुर्चीत पडला होता, दंडातून दोन नळ्या यंत्रात गेलेल्या, यंत्राचं चाक सावकाश फिरत होतं. चेतना औषधं आणायला गेली होती. शेजारच्या खुर्चीतले काका झोपले होते.

ज्योत्स्ना स्टुलावर बसली.

"हिरवा आला," ती म्हणाली.

गोकुळने डोळे उघडले. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळायला लागलं, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून ते अर्ध्यातच थांबलं.

"मग?"

"मला पिवळा हवा होता."

तिला वाटलं होतं, हे वाक्य निघताना घसा फाडून निघेल. पण ते अगदी साध्या आवाजात निघालं, बाजारात काय मिळालं नाही ते सांगावं तसं. "पहिल्यांदा पिवळा आला ना, त्या दिवशी मी तीन भाकरी मागवल्या. चेतनाने येऊन विचारलं तर मी तिच्यासमोर तांब्या आदळला. ती बरोबर बोलत होती, गोकुळ. डॉक्टर खोटं बोलत नव्हत्या, पण मी आतून तेच मागत होते. दोन दिवस मी पाणीपण प्याले नाही. मुद्दाम."

गोकुळ छताकडे बघू लागला. चाक फिरत होतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तो रडतोय असं वाटत नव्हतं.

"मी तुला शिव्या घातल्या," तो म्हणाला. "मनात. चेतनापेक्षा जास्त. तिला निमखेड्याला मीच पाठवलं होतं, आणि वर म्हणालो, माझं नाव सांगू नकोस. तू यायचीस, बाटली लपवायचीस, आणि मला वाटायचं, हिला दोन आहेत आणि हिला एक देववत नाही. ताई, तुला मरू दे पण मला जगू दे, असंसुद्धा एकदा मनात आलं. ते आलं त्याच दिवशी मी तुला माझ्यासमोर पाणी प्यायला लावलं."

मग गोकुळच आधी हसला, पडल्यापडल्या, कण्हल्यासारखा, आणि ज्योत्स्नालाही हसू आलं. नर्सने लांबून मान वळवून पाहिलं. लहानपणी दोघांनी मिळून काही फोडलं, आणि दोघांनाही एकाच वेळी कबूल करावं लागलं, की असंच व्हायचं.

"मग नको देऊस," तो म्हणाला. आणि पहिल्यांदाच तो ते मनापासून म्हणत होता, हे तिला कळलं.

"मी घाबरलेय रे."

"मीपण."

"नाही म्हटलं तर चालेल तुला?"

"चालणार नाही. पण तू माझी बहीणच राहशील."

ती उठली. त्याच्या कपाळावर हात ठेवला. आपण काय ठरवलं ते तिला जिना चढताना माहीत नव्हतं, जिना उतरताना माहीत होतं. मात्र नक्की कोणत्या पायरीवर ते ठरलं, ते तिला पुढे कधी आठवलं नाही.

डॉ. तडवी जेवणाचा डबा उघडून बसल्या होत्या. "काय लिहू?" त्यांनी विचारलं.

"योग्य, असं लिहा."

"भीती गेली?"

"नाही, मॅडम. भीती आहे तेवढीच आहे. ती जायची वाट बघत बसले तर गोकुळ जाईल."

मग सरकारी समितीपुढे जावं लागलं. तीन माणसं एका लांब टेबलाशी बसलेली. त्यांतल्या एका वयस्कर गृहस्थांनी विचारलं, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का? ज्योत्स्ना म्हणाली, सगळ्यांचाच होता, दोन्ही बाजूंनी, पण आता जे करतेय ते माझं आहे. त्या गृहस्थांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि सही केली.

भटू आधी चिडला. दोन दिवस गिरणीवरून घरी जेवायला आला नाही. तिसऱ्या दिवशी तिची रुग्णालयाची पिशवी त्यानेच भरली, आणि प्राचीला नाशिकच्या वसतिगृहातून तोच घेऊन आला.

शस्त्रक्रिया कार्तिकात झाली, सकाळी आठला. ज्योत्स्ना शुद्धीवर आली तेव्हा खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं आणि डाव्या कुशीत कुणीतरी तापलेली पळी ठेवल्यासारखी आग होत होती. प्राची उशाशी होती. घसा कोरडा पडला होता, डोकं जड होतं. आपल्याला आनंद झालाय का, हे तिने मनाला विचारून पाहिलं. उत्तर आलं नाही. दुःख झालंय का? तेही नाही. पोटात एक जागा रिकामी झाली होती, आणि मन त्या जागेभोवती नुसतं फिरत होतं.

तेवढ्यात बाहेरच्या लांब व्हरांड्यात पळण्याचा आवाज आला. चपला फटफट वाजत होत्या. कुणीतरी ओरडलं, "बाई, पळू नका," आणि दार ढकलून चेतना आत आली. केस सुटलेले, पदर खाली, धाप लागलेली. मागोमाग भटू, तोही धापा टाकत.

"ताई!" चेतना ओरडली. वॉर्डातल्या सगळ्या खाटांवरच्या बायका वळून बघायला लागल्या. तिला त्याचं भान नव्हतं. "ताई, लघवी झाली! तिथेच, टेबलावरच! जोडलं आणि लगेच सुरू झाली म्हणे. पिशवी भरतेय. मी काचेतून बघितली. चारशे मिली, ताई! एका तासात चारशे!"

ती खाटेजवळ येऊन खाली बसली आणि ज्योत्स्नाचा हात स्वतःच्या कपाळावर दाबून धरला. काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होती, पण चारशे याच्यापलीकडे तिच्या तोंडून शब्द निघत नव्हता.

ज्योत्स्नाला हसू आलं. हसताना टाके ओढले, ती कळवळली, आणि तरी हसू थांबेना. गेल्या आठ महिन्यांत तिला कितीतरी आकडे सांगितले गेले होते. त्यातला कुणी समजावून न सांगता कळलेला हा पहिलाच.

"चारशे?" तिने खरखरत्या आवाजात विचारलं.

"हो ताई. आणि अजून येतेय."